डंपरपासून डावीकडे

तुम्ही पाठवलेला फोटो मी फ्रिजच्या दारावर लावला आहे. दोघंही हेल्मेट घातलेले, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, मागे द्राक्षांचे मळे आणि त्यांच्याही मागे टेकड्या. सोबत लिहिलं आहे की डांबरी रस्ता मुद्दाम सोडून दिवसभर खडीच्या रस्त्याने सायकल चालवली आणि वाटेत दोन ठिकाणी वाइन चाखली. धाकट्याने चाखली नसेल असं मी धरून चालते. आणि शेवटी विचारलं आहे, "आजी, तुला सायकल येत होती का?"

येत होती. खडीवरसुद्धा येत होती. आणि मी ज्या मुलखातून गेले तिथेही दारू होत असे, फक्त ती वेलीच्या फळांची नव्हे, झाडाच्या फुलांची. सगळं क्रमाने सांगते. तुमचे आजोबा नेहमी म्हणायचे की मी गोष्टीचा शेवट आधीच सांगून टाकते, तर या वेळी तसं होऊ देणार नाही.

तेव्हा आम्ही भोपाळला पिपलानीत राहत होतो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. तुमचे बाबा पहिलीत होते. आमचा दिवस घड्याळापेक्षा भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की सायकली आणि स्कूटरींचा लोंढा गेटकडे जायचा, आणि तो ओसरला की आमचे ते रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं लावलेले रस्ते अगदी मोकळे पडायचे. अशाच एका मोकळ्या रस्त्यावर मी वयाच्या तिशीत सायकल शिकले.

शिकवणारी माझ्याहून पुष्कळ लहान होती. शेजारच्या क्वार्टरमध्ये तिचे मामा राहायचे, त्यांच्याकडे ती लग्न होऊन नवऱ्यासकट उतरली होती. नवरा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता, आणि सरकारी घर मिळेपर्यंत दोघं मामांकडे होते. ती नाशिककडची. माहेरी द्राक्षांची बाग होती, आणि बागेच्या बांधावरून सायकल दामटायची सवय होती. मी पायडलवर पाय ठेवला की ती करिअर धरून मागे धावायची आणि ओरडायची, "वहिनी, खाली बघू नका! खाली बघितलं की खालीच जाल!" मी खाली बघायची आणि खाली जायची. पण तिने नाद सोडला नाही. मी तिला मास्तरीणबाई म्हणायला लागले, आणि तेच नाव पुढे सगळ्या ब्लॉकने उचललं.

हिवाळ्यात मामांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली, आणि मास्तरीणबाईंच्या नवऱ्याची नेमणूक एका नव्या धरणाच्या कामावर झाली. धरण छोटंसंच, दहा-बारा मैलांवर, टेकड्यांच्या आत. तिथे पत्र्याच्या छपराचं एक घर, साहेबांसाठी डाक बंगला, मजुरांच्या झोपड्या, आणि थोड्या अंतरावर एक खेडं.

चैत्रात ती एकदा खात्याच्या जीपमधून बाजारहाटाला आली आणि माझ्याकडे चहाला थांबली. चेहरा उतरला होता.

"वहिनी, मी गौर बसवली आहे," ती म्हणाली. "या शुक्रवारी हळदीकुंकू. तुम्ही सगळ्या या."

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. चैत्रात गौर माहेरपणाला येते. तिला झोपाळ्यात बसवतात, पुढे आरास मांडतात. मग बायकांना बोलावून हळदीकुंकू लावायचं, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी त्यांची ओटी भरायची. महिनाभर राहून अक्षय्य तृतीयेला गौर परत जाते.

"पण आम्ही येऊ कशा?" मी विचारलं. "जीप पाठवशील?"

"जीप शुक्रवारी साहेबांच्या दौऱ्यावर आहे. आणि बस येते ती रविवारी, बाजारापुरती."

"मग रविवारीच कर की."

"रविवारी कुणी हळदीकुंकू करतं का, वहिनी? मंगळवार नाहीतर शुक्रवार." मग तिने कप खाली ठेवला. "धरणावर गेल्यापासून माझ्या उंबऱ्याच्या आत एका बाईचं पाऊल पडलेलं नाही. दिवसभर डंपर ऐकते, रात्री जनरेटर. मी यांना सांगून ठेवलंय. एकही बाई आली नाही, तर तृतीयेला गौर तिच्या घरी जाईल आणि मी माझ्या. नाशिकला. परत यायचं की नाही ते मग बघू."

हे ती हसत म्हणाली, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी शब्द देऊन बसले.

"रस्ता अगदी सोपा आहे," ती निघताना म्हणाली. "रायसेनच्या सडकेवरून उजवीकडे आमचा नवा खडीचा रस्ता लागतो. दोन टेकड्या, मग नाला. नाल्यापुढे पिवळा डंपर उभा आहे. त्याच्यापासून डावीकडे वळलात की समोर धरणच."

"आणि डंपर हलला तर?"

"तो? मी आले त्या दिवसापासून चाकं काढून विटांवर उभा आहे. आत चिमण्यांनी घरटं केलंय!"

ब्लॉकमधल्या बायकांना निमंत्रण सांगितलं तेव्हा सगळ्या "अगं बाई, जायलाच हवं" म्हणाल्या. सायकलने जायचं आहे म्हटल्यावर एकीच्या मुलाची परीक्षा निघाली, एकीकडे नागपूरहून पाहुणे आले, आणि एकीने सरळ सांगितलं की उन्हाने रंग काळवंडतो. तुमच्या आजोबांची स्कूटर होती, पण शुक्रवारी कारखाना. उरल्या फक्त समोरच्या क्वार्टरमधल्या अमरावतीच्या वहिनी. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार.

"मी येतो ना," त्या म्हणाल्या. "काऊन नाही? लहानपणी भावाची सायकल चालवली, आता नवऱ्याची चालवतो."

नवऱ्याची सायकल म्हणजे दांडीची, जड, मागे मोठं करिअर. वहिनींनी लुगड्याचा काचा मारला आणि अंगणातच एक फेरी मारून दाखवली. आमच्या सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. त्या काय म्हणतील याची मला काळजी होती, कारण सुनेने इतक्या लांब, तेही सायकलवर जावं हे त्यांच्या काळात बसणारं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पोरीने हरभरे भिजवले असतील. फुकट जाऊ नयेत. मुलाचं मी बघते."

तुमच्या आजोबांनी आदल्या संध्याकाळी दोन्ही सायकलींत हवा भरली. ते इंजिनिअर, त्यामुळे हवाही तत्त्वाने भरायचे. "टायर जितका कडक तितकं घर्षण कमी," असं सांगून त्यांनी टायर दगडासारखे करून टाकले. मी माझ्या पुढच्या टोपलीत सगळं नीट रचलं: तळाशी कैऱ्या, त्यावर पाण्याची बाटली, आणि सगळ्यांत वर स्टीलच्या डब्यात हळद आणि कुंकू, दोन वेगळ्या पुड्यांत. चांगलं कुंकू धरणावर मिळत नाही म्हणून मास्तरीणबाईंनी ते मुद्दाम मागवलं होतं.

झुंजूमुंजू होताना आम्ही निघालो. हळदीकुंकू खरं तर संध्याकाळचं, पण संध्याकाळी केलं तर आम्ही परतणार कशा? म्हणून मास्तरीणबाईंनी आमच्यासाठी ते सकाळवर आणलं होतं. शेवटची कॉलनी मागे पडली, सडक लागली, आणि अंगावर गार वारा आला. सडकेवर माझी सायकल इतकी सहज चालली की मला वाटलं, एवढ्यासाठी आपण उगाच घाबरलो. मग उजवीकडचा खडीचा रस्ता आला.

तुम्ही खडीवरून गेला आहात, तेव्हा तुम्हाला सांगायला नको. धरणाच्या ट्रकांसाठी नुकताच मुरूम टाकून वर गिट्टी पसरलेली होती, आणि रोलर अजून फिरायचा होता. आमच्या दगडासारख्या टायरांमुळे सायकली तव्यावरच्या लाह्यांसारख्या उडायला लागल्या. घंटी आपोआप वाजत होती. माझे दात वाजत होते.

"थांबा जी," मागून वहिनींचा आवाज आला. "हे काही खरं नाही. भाऊजींची हवा काढून टाकू."

आम्ही खाली उतरून हवा काढली. आजोबांना हे मी पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. टायर मऊ झाल्यावर सायकल खडी गिळायला लागली. तुम्ही लिहिलं आहे ना, की खडीवर टायर जरा मऊ ठेवावे लागतात? तो शोध पिपलानीच्या दोन गृहिणींनी आधीच लावला होता.

पहिल्या टेकडीवर आम्ही सायकली ढकलत चढलो. वर पोचलो तेव्हा सूर्य नुकताच उगवला होता. दोन्ही बाजूंना पळस अजून थोडा फुललेला, कापलेल्या गव्हाची शेतं, आणि दूर मागे आमच्या कारखान्याची धुराडी काडेपेटीतल्या काड्यांसारखी दिसत होती. माझं सगळं आयुष्य त्या काड्यांच्या आसपास चाललं होतं. एवढ्या लांबून, आणि स्वतःच्या पायांच्या जोरावर येऊन, मी ते पहिल्यांदा पाहत होते. मला मोठ्याने हसू आलं. वहिनींनी का म्हणून विचारलं नाही. त्याही हसत होत्या.

मग उतार. मास्तरीणबाईंचं वाक्य आठवून मी खाली बघितलं नाही, समोर बघितलं. सायकलने वेग घेतला, पदर मागे फडफडला, आणि एका मोठ्या दगडावरून उडून मी परत खाली आले तेव्हा टोपलीतल्या डब्याचं झाकण निघालं. पुड्या फुटल्या. पुढून वारा होता. मला एवढंच दिसलं की समोर लाल-पिवळा ढग उठला आणि माझ्या अंगावरून मागे गेला.

"अवं बाई! थांबा! मले आंधळं केलं तुमी!"

मी ब्रेक दाबून वळून पाहिलं. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या, कपाळापासून काच्यापर्यंत कुंकवाने माखलेल्या, आणि भुवया हळदीच्या. माझी अवस्था वेगळी नव्हती. डब्यात तळाशी दोन्ही मिसळून केशरी रंगाची थोडी पूड उरली होती. आम्ही दोघी गिट्टीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो, आणि मग मला एकदम आठवलं की पुढे एक मुलगी दाराकडे डोळे लावून बसली आहे. पटकन उठलो.

दुसरी टेकडी झाली, नाला झाला. नाल्यात पाणी घोट्यापर्यंतच होतं. नाल्यापुढे डंपर नव्हता.

आम्ही पुढे गेलो. थोडं अजून पुढे. रस्ता बारीक होत जंगलात शिरला, गिट्टी संपली, बैलगाडीची चाकोरी तेवढी उरली. मागे वळावं तर फाटे दोन-तीन लागले होते, आणि ऊन तापायला लागलं होतं. मी घड्याळ बघितलं. मास्तरीणबाईंनी सांगितलेली वेळ टळून गेली होती.

"तिला वाटेल, नाहीच आल्या," मी म्हटलं.

वहिनी नाक वर करून वास घेत होत्या. वास मलाही येत होता: गोड, जड, थोडासा आंबूस. पुढच्या वळणावर झाडी उघडली आणि मोहाची झाडं दिसली, मोठीमोठी, जवळजवळ निष्पर्ण. झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, आणि त्या स्वच्छ जमिनीवर फिकट पिवळी, रसरशीत फुलं गारांसारखी पडलेली. बायका वाकून ती टोपल्यांत वेचत होत्या. पहाटेपासून चाललेलं काम संपत आलं असावं, कारण काही जणी सावलीत बसल्या होत्या. आम्हाला बघून सगळ्या उभ्या राहिल्या.

"होली तो गई, बाईसाब," त्यांच्यातली एक वयस्क बाई म्हणाली. "तुम कहाँ से खेल के आ रही हो?"

हसण्याचा एकच गलका झाला. आम्ही कुठे जात होतो ते सांगितलं, आणि डंपरचं विचारलं.

"वो पीला वाला? उसे तो परसों हाँक ले गए. ठीक हो गया."

चिमण्यांचं काय झालं हे विचारायचं मला सुचलं नाही. धरणावरच्या बाईंचं घर माहीत आहे का, असं विचारलं.

"मालूम काहे नहीं? रोज उधर से निकलते हैं," एक तरुण मुलगी म्हणाली. "पर वो किवाड़ बंद रखती हैं. हम समझे, साहब की घरवाली है, हमसे क्या बोलेगी."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मी वहिनींकडे. तिकडे एक जण दार लावून रडत होती की कुणी बाई येत नाही, आणि तिच्या दारावरून रोज बायकांचा हा घोळका जात होता. मास्तरीणबाईंना हे सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही सुचलं नसतं. हळदीकुंकू म्हणजे आपल्या मराठी बायकांचं, असं आम्ही सगळ्या पोस्टिंगवाल्या धरूनच चालायचो. पिपलानीत मराठी घरं पुष्कळ, म्हणून कधी दुसरीकडे बघायची वेळच आली नव्हती.

मी अजून विचारच करत होते की दुसऱ्याच्या घरचं आमंत्रण आपण द्यावं का. वहिनींनी तोवर देऊन टाकलं. "चलो सब जनी! गौर बैठी है उनके घर. सबका बुलावा है!"

"देवी बैठी है?" त्या वयस्क बाईने विचारलं. "पहले काहे नहीं बताया?" आणि तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

मग आमची वरात निघाली. पुढे त्या बायका पायवाटेने, डोक्यावर मोहाच्या टोपल्या, मागे आम्ही सायकली ढकलत. एक चढ चढून उतरलो तर समोर धरणाची भिंत, खाली पत्र्याचं घर, आणि उंबऱ्यावर मास्तरीणबाई. आमची वाट बघून थकली होती. हातात डाळीचं पातेलं होतं, त्यावर झाकण ठेवत होती.

तिने वर पाहिलं. आधी तिला आम्ही ओळखूच आलो नाही.

"वहिनी?" ती म्हणाली. "हे काय? आणि या सगळ्या कोण?"

"तुझ्या ओटीवाल्या," अमरावतीच्या वहिनी म्हणाल्या. "हरभरे पुरतील का ते बघ आधी."

मास्तरीणबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. त्या वयस्क बाईने पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "रो मत, बेटा. किवाड़ खोल."

घर एवढंसं. आत मावल्या तेवढ्या आत बसल्या, उरलेल्या ओसरीत. खोक्यांच्या पायऱ्या करून, त्यांवर इस्त्रीची साडी पसरून तिने आरास केली होती. झोपाळा दोन खुंट्यांना बांधलेला, गौर इवलीशी. मी आमची केशरी पूड पुढे केली. "हळद-कुंकू एकत्रच आलंय, चालेल?" ती म्हणाली, "आज सगळं चालेल." तीच पूड प्रत्येकीच्या कपाळी लागली. कैरीची डाळ दोन घासांतच संपली. पन्ह्यात पाणी घालून घालून ते शेवटी नुसतं गोड पाणी झालं. हरभरे मात्र पुरले, कारण तिने खरोखरच सगळ्या ब्लॉकसाठी भिजवले होते.

ओटी घेऊन रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून प्रत्येक बाईने आपल्या टोपलीतली ओंजळभर फुलं गौरीपुढे ठेवली. मास्तरीणबाई जरा बिचकली. हळूच मराठीत मला म्हणाली, "वहिनी, ही दारूची फुलं. देवीला चालतात?"

त्या तरुण मुलीला भाषा कळली नसावी, पण चेहरा कळला. ती हसली, कमरेच्या पिशवीतून सुकवलेली फुलं काढून हातावर ठेवली. "खा के देखो."

मास्तरीणबाईने एक तोंडात टाकलं, चावलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. "अय्या! बेदाणे! हे तर आमच्याकडच्या बेदाण्यांसारखं लागतं!" मग तिने आपल्या माहेरच्या बागेचं वर्णन सुरू केलं, अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी: मांडव कसे घालतात, घड कसे लोंबतात, द्राक्षं कशी सुकवतात. त्या बायका मोहाचं सांगत होत्या: फूल रात्रीतून गळतं, ऊन चढायच्या आत वेचायचं, भाकरीत घालायचं, लाडू करायचे, आणि उरलेल्याचं काय करायचं ते पुरुषांना बरोबर ठाऊक असतं. पुन्हा हशा. कुणीतरी गाणं धरलं. आम्हाला शब्द कळले नाहीत, ताल कळला. अमरावतीच्या वहिनी त्यावर फेर धरून नाचल्या, काचा मारलेलाच होता.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. माझी टोपली आता मोहाच्या फुलांनी भरलेली, कारण नको म्हटलं तर त्या बायका ऐकेनात. परतीचा रस्ता उताराचा वाटला, तसा तो नव्हता.

पण उन्हात, हादरे खात, इतका वेळ टोपलीत राहिलेल्या मोहाच्या फुलांचं काय होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. टाउनशिपमध्ये शिरलो तेव्हा दिवस मावळत होता आणि सगळे जण फाटकाशी उभे राहून गप्पा मारत होते. आम्ही जिथून जाऊ तिथल्या गप्पा थांबत होत्या. आजोबा दारात वाट बघत होते. त्यांनी आधी माझं लाल तोंड बघितलं, मग वास घेतला, मग अगदी हळू आवाजात विचारलं, "हळदीकुंकवालाच गेली होतीस ना?"

अमरावतीच्या वहिनींनी समोरच्या दारातून ओरडून उत्तर दिलं, "भाऊजी, तुमीबी घ्या थोडी!" ते ऐकायचं ब्लॉकमध्ये कुणी राहिलं नसेल.

सासूबाईंनी ओटीतले हरभरे हातात घेतले. तेवढंच त्यांना हवं होतं.

"गौरीला कुणी आलं?" त्यांनी विचारलं.

"बसायला जागा उरली नाही, एवढ्या आल्या."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि हरभरे फोडणीला टाकायला उठल्या.

त्या अक्षय्य तृतीयेला गौर एकटीच गेली. मास्तरीणबाई गेली नाही. धरण पुरं होईपर्यंत ती तिथेच राहिली, आणि पुढच्या चैत्रात जीपच्या ड्रायव्हरकडून तिचा निरोप आला: शुक्रवारी या, सायकलनेच या, डंपर नाही तरी आता कुणालाही विचारा, घर सगळ्यांना माहीत आहे. आणि येताना हरभरे घेऊन या, इथे मला पुरत नाहीत.